सुट्या भागांची सायकल आणि मापांची तटबंदी

सायकली व त्यांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सर्वसामान्य माणसाचे वाहन स्वस्त झाले, अशा दृष्टीने या निर्णयाकडे पाहणे स्वाभाविक होते. मात्र 'सुटे भाग' या दोन शब्दांशी थेट संबंध असलेला आणखी एक लहानसा ग्राहकवर्ग पुणे, मुंबई, बंगळुरूसारख्या शहरांत आहे. हा ग्राहक दुकानातील तयार माउंटन बाइक विकत घेत नाही. फ्रेम एका कंपनीची, पुढचा चिमटा दुसरीचा, हब तिसरीचे आणि ब्रेक चौथीचे अशी निवड करून तो आपली सायकल स्वतः जुळवतो किंवा जाणत्या मेकॅनिककडून जुळवून घेतो. त्याच्यापुढील खरी अडचण कराची नाही. निवडलेले भाग एकमेकांत बसतील की नाही, ही ती अडचण आहे. आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत ती कमी होण्याऐवजी वाढली आहे.

हा सारा श्रीमंतांचा हौशी उद्योग आहे, असे म्हणून विषय बाजूला सारणे सोपे आहे. हौस आहेच, पण तिच्यामागे व्यवहारही आहे. तयार सायकल ठरावीक किमतीत बसविण्यासाठी उत्पादकाला कोठेतरी हात आखडता घ्यावा लागतो. ग्राहकाची नजर प्रथम मागच्या डिरेलरवर जाते, म्हणून तेथे नामवंत भाग बसविला जातो आणि हब, टायर, ब्रेक यांत काटकसर होते. उलट सह्याद्रीच्या सुट्या दगडगोट्यांवरून आणि पावसाळ्यातील निसरड्या जांभ्यावरून उतरणाऱ्याला दोन गिअर कमी असले तरी चालतात. भरवशाचे ब्रेक आणि रुंद, पकड घेणारे टायर मात्र हवेच असतात. भाग निवडून सायकल जुळविणे म्हणजे पैसा कोठे खर्चायचा हे ग्राहकाने स्वतः ठरविणे.

खरे तर माउंटन बाइकचा जन्मच अशा जुळवाजुळवीतून झाला. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या श्विन सायकलींच्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या फ्रेम घेऊन उतरत असत. त्यांना त्यांनी जाड टायर लावले, रस्त्यावरच्या सायकलींचे गिअर बसविले, मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर जोडले. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचे 'रीपॅक' हे नावही दुरुस्तीतूनच आले. एका उतारात मागच्या हबमधील ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यांच्यापैकी जो ब्रीझ यांनी १९७७ साली या कामासाठी खास नवी फ्रेम घडविली, तीवरही निरनिराळ्या देशांतील भाग एकत्र नांदत होते. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये टॉम रिची यांच्या फ्रेमवर सायकली जुळवून विकण्याचा व्यवसाय सुरू केला. स्पेशलाइज्ड कंपनीची जपानमध्ये बनविलेली स्टम्पजम्पर १९८१ मध्ये बाजारात आली आणि गल्लीतला प्रयोग कारखान्यात पोहोचला. त्या तरुणांपाशी मोठे भांडवल नव्हते. एकाचा भाग दुसऱ्याच्या फ्रेमला बसतो, हेच त्यांचे भांडवल होते.

जुना काळ सुवर्णकाळ होता, असे मात्र मानण्याचे कारण नाही. पेडलचा क्रँक ज्या छर्ऱ्यांवर फिरतो, त्या तळाच्या भागाचे आटे तेव्हाही इंग्रजी, फ्रेंच, इटालियन अशा वेगवेगळ्या मापांचे असत. पुढे इंग्रजी माप बहुतांश जगाने स्वीकारले आणि काही काळ या आघाडीवर शांतता नांदली. ती मोडली या शतकाच्या पहिल्या दशकात. आटे पाडण्याऐवजी बेअरिंग थेट फ्रेममध्ये दाबून बसविण्याची पद्धत आली. वजन कमी, कडकपणा अधिक, असे तिचे समर्थन होते. कार्बनच्या फ्रेममध्ये धातूची आट्यांची नळी बसविण्याचा खर्च वाचतो, हा उत्पादकांचा लाभ त्या मानाने कमी सांगितला गेला. पाठोपाठ बीबी३०, प्रेसफिट३०, प्रेसफिट९२ अशी मापे आली आणि त्यांच्याबरोबर चालविताना येणारी ती कुप्रसिद्ध करकरही. अखेर अनेक कंपन्या निमूटपणे आट्यांकडे परतल्या; परंतु परततानाही सर्व जण जुन्या मापाकडे परतले नाहीत. २०१५ मध्ये 'टी४७' हे अधिक व्यासाचे नवे माप निघाले. क्रँकच्या दांड्याचीही तीच कथा. शिमानोचा दांडा २४ मिलिमीटरचा, इतर अनेकांचा ३० मिलिमीटरचा, तर स्रॅमने २०१८ मध्ये आणलेला २८.९९ मिलिमीटरचा! यंत्रशास्त्रीय कारण प्रत्येकाकडे आहे. ग्राहकाकडे मात्र निकामी ठरलेल्या बेअरिंगचा डबा आहे.

चाकांच्या बाबतीत हाच प्रकार अधिक वेगाने घडला. २६ इंचांचे चाक हे तीन दशके माउंटन बाइकचे ओळखचिन्ह होते. २९ इंची आणि २७.५ इंची चाके आली आणि २०१४ नंतरच्या काही वर्षांत प्रौढांच्या चांगल्या सायकलींतून ते जवळजवळ हद्दपार झाले. मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटरवरून १४२ आणि तेथून 'बूस्ट' नावाने १४८ वर गेली. काहींनी १५७ गाठले. कॅसेट ज्यावर बसते त्या भागाचे शिमानोचे जुने माप, स्रॅमचे २०१२चे 'एक्सडी' आणि शिमानोचेच २०१८चे 'मायक्रो स्प्लाइन' असे तीन घरोबे झाले. हबवर हा भाग बदलता येतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

हे सर्व बदल निव्वळ विक्रीसाठी केले गेले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मोठे चाक खड्ड्यांवरून सहज जाते, यात वाद नाही. मोठ्या चाकाच्या तारा लांब असतात, त्यामुळे ते कडेच्या दाबाने अधिक लवते. हबच्या दोन्ही कडा प्रत्येकी तीन मिलिमीटर बाहेर नेल्या की तारांचा कोन रुंदावतो आणि चाक घट्ट होते. बूस्टचे गणित एवढे साधे आहे आणि ते खरेही आहे. आक्षेप आहे तो बदलाच्या रीतीवर. प्रत्येक सुधारणेबरोबर जुन्या मापाचे दर्जेदार भाग मिळेनासे होतात आणि उत्तम स्थितीतील फ्रेम केवळ जोडीदार न मिळाल्याने पडून राहते.

करोनाकाळाने या व्यवसायाची आणखी एक बाजू उघडी पाडली. २०२० मध्ये युरोप-अमेरिकेत सायकलींची मागणी अचानक उसळली. गिअर आणि ब्रेकच्या बाजारात जपानची शिमानो आणि अमेरिकेची स्रॅम यांचाच वरचष्मा असल्याने भागांसाठी वर्षभराहून अधिक प्रतीक्षा करावी लागली. घाबरलेल्या कंपन्यांनी गरजेपेक्षा मोठ्या मागण्या नोंदविल्या, आणि माल गोदामांत येऊन पोहोचला तेव्हा ग्राहक निघून गेला होता. शिमानोची वार्षिक विक्री २०२२ मध्ये सुमारे ६२८ अब्ज येन होती. ती पुढच्याच वर्षी ४७४ अब्जांवर घसरली. सुटे भाग घरपोच पाठविणारे जगातील सर्वांत परिचित दुकान म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये सुरू झालेले चेन रिअ‍ॅक्शन सायकल्स. कित्येक भारतीय हौशींनी आपला पहिला चांगला चिमटा किंवा ब्रेक तेथूनच, सीमाशुल्काची धाकधूक बाळगत मागविला होता. विगलबरोबर एकत्र झालेली ही कंपनी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या ऑरेंजवर तीच वेळ आली. जुलै २०२५ मध्ये जर्मनीच्या वायटी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. गोदामे रिकामी करण्यासाठी भरघोस सवलती निघाल्या आणि भाग निवडून सायकल जुळविणाऱ्यांना काही काळ दिवाळी साजरी करता आली. पण ज्या कंपनीची फ्रेम सवलतीत घेतली तीच कंपनी उद्या नसेल, तर तिच्या मागच्या सस्पेन्शनची खास बेअरिंग किंवा डिरेलर जोडण्याचा हँगर कोठून आणायचा?

हँगरचा हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. डिरेलर फ्रेमला जोडणारा हा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दामच कमकुवत ठेवलेला असतो. सायकल आपटली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी, हा हेतू. परंतु प्रत्येक कंपनीचा, किंबहुना प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असल्याने शेकडो प्रकार झाले होते. स्रॅमने २०१९ मध्ये एकच सार्वत्रिक हँगर, म्हणजे 'यूडीएच', तयार केला आणि फ्रेम उत्पादकांना त्याचा आराखडा विनामूल्य वापरू दिला. उद्योगाने त्याचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. २०२३ मध्ये मात्र या उदारतेचा दुसरा अंक समोर आला. स्रॅमची 'ट्रान्समिशन' ही नवी गिअर यंत्रणा हँगर काढून थेट फ्रेमलाच, यूडीएचसाठी सोडलेल्या जागेत बसते. तिच्या साखळीपासून कॅसेटपर्यंतचे भाग एकमेकांसाठीच बनविलेले आहेत, आणि यूडीएच नसलेल्या जुन्या फ्रेमवर ती बसतच नाही. चार वर्षे सर्वांसाठी खुला रस्ता बांधून झाल्यावर त्याच रस्त्यावर कंपनीने आपली पेढी उघडली, असे त्याचे वर्णन करता येईल. न्यायाने पाहता, तो रस्ता इतरांसाठी बंद झालेला नाही. यूडीएच हँगर ठेवून त्या फ्रेमवर शिमानोचा डिरेलर आजही बसविता येतो. परंतु एखाद्या बलाढ्य कंपनीने ठरविलेले माप आणि सर्वांनी मिळून ठरविलेले माप यांतील फरक या निमित्ताने स्पष्ट झाला.

भारतात या चित्राला एक वेगळीच विसंगती लाभली आहे. येथे 'एमटीबी' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त सायकलींपैकी बहुसंख्य डोंगरासाठी नसतातच. जाड टायर आणि स्प्रिंगचा चिमटा एवढाच त्यांचा डोंगराशी संबंध. तरीही त्यांचे भाग जुन्या, खुल्या मापांचे असतात. आट्यांवर फिरवून बसविलेले फ्रीव्हील, चौकोनी टोकाचा क्रँकचा दांडा, सुटे छर्रे. गल्लीच्या कोपऱ्यावरचा दुकानदार छर्रे बदलतो, चाकाचा आउट काढतो आणि दिवसभरात सायकल परत देतो. काही लाखांच्या सायकलीला मात्र ठरावीक मापाचा दाबयंत्राचा संच, ब्रेकचे विशिष्ट तेल आणि आता गिअरसाठी चार्ज केलेली बॅटरीसुद्धा लागते. एका लहानशा रबरी सीलसाठी ती महिनाभर भिंतीला टेकून उभी राहू शकते. हा खेळ देशात मूळ धरतो आहे, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळमधील पोनमुडी येथे झालेल्या आशियाई माउंटन बाइक स्पर्धेने दाखविले. त्याला लागणारा सुट्या भागांचा साठा ठेवणारी दुकाने मात्र मोजक्याच महानगरांत आहेत.

शासनाची दृष्टी या बाबतीत अद्याप पोहोचलेली नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयात सायकलींवरील मूळ सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर नेण्यात आले ते देशी उद्योगाच्या संरक्षणासाठी. परंतु लुधियानाच्या कारखान्यांचा भर उच्च दर्जाचे चिमटे किंवा हायड्रॉलिक ब्रेक बनविण्यावर नाही, आणि नुसत्या शुल्काने तो तसा वळेल अशीही चिन्हे नाहीत. आयात मालावर वस्तू व सेवा कर आकारला जातो तो सीमाशुल्क मिळवून झालेल्या मूल्यावर. त्यामुळे ५ टक्क्यांचा दिलासा बाहेरून येणाऱ्या भागांपर्यंत पोहोचतो तो पातळ होऊन. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारी अशी चार क्षेत्रे निवडली गेली. सायकल त्यांत नव्हती. दुरुस्तीला सर्वांत सोपे वाहन म्हणून तिला वगळणे त्या वेळी समजण्यासारखे होते.

तोवर जाणते मेकॅनिक नव्या गिऱ्हाइकाला जो सल्ला देतात, तो पुरेसा बोलका आहे. फ्रेम आट्यांच्या तळाची घ्यावी, मागे १४८ मिलिमीटरचा हब आणि यूडीएच असावा, वायरी फ्रेमच्या आतून फिरविलेल्या असल्या तरी हेडसेटमधून नेलेल्या नसाव्यात आणि गिअर शक्यतो तारेवर चालणारेच असावेत. कोणत्या कंपनीची फ्रेम, हा प्रश्न ते त्यानंतर विचारतात.