दिवसाचा दर म्हणजे पगार नव्हे

संपादक महोदय,


ब्रिटनमधील कंत्राटी संगणकतज्ज्ञ दिवसाला ५०० पौंड, म्हणजे वर्षाला १,३०,००० पौंड कमावतात, हे गेल्या अंकातील लेखातले विधान कामाचे २६० दिवस गृहीत धरते आणि तेथेच चुकते. स्वतःच्या मर्यादित कंपनीमार्फत काम करणाऱ्यास ग्राहकाकडून भरपगारी रजा मिळत नाही; ८ सार्वजनिक सुट्ट्या, २५ दिवसांची रजा, ५ दिवसांचे आजारपण आणि दोन कंत्राटांमधला ४२ दिवसांचा खंड वजा केला, तर उरतात १८० दिवस आणि ९०,००० पौंड, तेही करपूर्व. दर चढे असतात, एवढेच खरे.

त्याच लेखातला करचुकवेगिरीचा आरोप तर कालबाह्य आहे. कंपनीच्या आडून वस्तुतः नोकरीच करणाऱ्यास नोकरदारासारखा कर लावणारा 'आयआर ३५' हा नियम २००० पासून अस्तित्वात असून, तो कोणास लागू होतो हे ठरवण्याची जबाबदारी २०१७ मध्ये सरकारी आणि ६ एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रात (लहान कंपन्या वगळता) ग्राहकावर आली. परिणामी अनेकांना 'अम्ब्रेला' कंपनीचे, म्हणजे केवळ पगार काढून देणाऱ्या मध्यस्थाचे, नोकर व्हावे लागते. मालकाने भरावयाचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता, जो एप्रिल २०२५ पासून ठरावीक मर्यादेपुढील वेतनावर १५ टक्के आहे, आणि रजेचा पगारसुद्धा त्याच दरातून निघतो. कर नोकरदाराचा, पण ग्राहकाकडे नोकरीची हमी नाही, हा उघड अन्याय लेखकाने वगळावा, हे गंभीर आहे.

कळावे.
एक वाचक, पुणे