थर्माकोलचा उजेड
रविवारी खांडबारा स्टेशनबाहेर पुतणीचे फोटो काढले. ऊन डोक्यावर, त्यामुळे कपाळ पांढरंफटक आणि डोळ्यांखाली काळे खड्डे. मग तिला उन्हाकडे पाठ करून उभं केलं आणि धाकट्याला थर्माकोलची शीट छातीपाशी धरून हळूहळू तिरपी करायला सांगितली. एका कोनात चेहरा उमलला, बुबुळात पांढरा ठिपका लकाकला. रुपेरी कागद लावला तर झळाळी वाढते, पण डोळे मिटतात. दुपारी साधा पांढराच बरा. फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ही सूर्याच्याच उजेडात टिपला होता. सावळ्या पोरींना गोरं करणाऱ्या मोबाइल फिल्टरपेक्षा ही शीट शंभरपट प्रामाणिक: ती रंग बदलत नाही, सावली भरते. वारा असेल तर मात्र दोघांनी धरा, पतंगासारखी उडते.