कुटुंबाची व्याख्या कंपनीने करायची काय?

अमेरिकेतील नेटफ्लिक्स ही कंपनी एके काळी टपालाने चित्रपटांच्या डीव्हीडी भाड्याने देत असे. वर्गणी घराची एकच. परंतु घरातील प्रत्येकाला आपल्या आवडीची स्वतंत्र यादी ठेवता येई. एका वेळी तीन डीव्हीडी मिळत असतील, तर वडिलांची एक, आईची एक, मुलांची एक, अशी वाटणी घरच्या घरी ठरे. जून २००८ मध्ये संकेतस्थळाच्या सुधारणेचे कारण पुढे करून कंपनीने ही सोय बंद करण्याचे जाहीर केले. वर्गणीदार खवळले आणि महिना सरता सरता कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला.

वरवर पाहता घटना किरकोळ. परंतु ते वर्गणीदार कशासाठी भांडले? सर्वांची मिळून एकच यादी झाली, की ज्याचा आवाज मोठा त्याची निवड वर सरकते आणि धाकट्या मुलीचा चित्रपट कायम तळाशी राहतो, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या घरातील न्याय आपणच करू, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ती टपालसेवा सप्टेंबर २०२३ मध्ये इतिहासजमा झाली. प्रश्न मात्र आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे. संकेतशब्द वाटून घेणे म्हणजे प्रेम, असे २०१७ साली ट्विटरवर जाहीरपणे सांगणाऱ्या याच कंपनीने जुलै २०२३ मध्ये भारतात फतवा काढला, की एक वर्गणी एका छपराखाली राहणाऱ्यांसाठीच! मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि आईवडील साताऱ्यात राहिले, तर तो कुटुंबाबाहेर गेला काय? व्यवसायाने आपला मोबदला अवश्य मागावा. कलावंतांच्या श्रमाचे फुकट भोक्ते होण्यात भूषण नाही. किती पडद्यांचे किती पैसे, हे सांगण्याचा अधिकार कंपनीचा आहे. परंतु कुटुंब कोणाला म्हणावे, हे तिने आपल्याला शिकवू नये.

मात्र सारा दोष कंपनीच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. स्वतंत्र यादी हा न्याय आहे. स्वतंत्र कोपरा ही फारकत आहे. आजोबा एका खोलीत, नातू दुसरीत, प्रत्येकाच्या हाती वेगळा भ्रमणध्वनी, हे कोणत्या कंपनीच्या आज्ञेने घडले? व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणण्याच्या काळात एका कॅसेटवरून घरात वाद होत, रुसवेफुगवे होत. पण अखेरीस सारे एकाच सतरंजीवर बसत. दुसऱ्याची आवड सोसण्याचे शिक्षण तेथेच मिळे.

म्हणून यादी ज्याची त्याने ठेवावी. परंतु आठवड्यातील एक संध्याकाळ घराची असावी. पाळीपाळीने एकाने निवडावे आणि इतरांनी कुरकुर न करता पाहावे. असे घर जपले, तर कुटुंबाची व्याख्या आपल्याला कोणाकडून उसनी घ्यावी लागणार नाही.