पापणीची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी

दुकानाच्या गादीवर बसलेल्या साठीच्या गृहस्थांना नेहमीचे गिऱ्हाईक सहज विचारते, ‘शेठ, आज झोप झाली नाही का?’ झोप पूर्ण झालेली असते; वरच्या पापणीची कातडी सैल होऊन डोळ्यावर उतरल्यामुळे चेहरा थकलेला दिसतो, एवढेच. घरातील स्त्रियांची तक्रार थोडी निराळी असते. डोळ्यांखालच्या फुगवट्यांमुळे वय उगाच अधिक वाटते, असे त्यांना वाटते. मग नात्यातले कोणीतरी सांगते की यावर एक छोटेसे ऑपरेशन आहे, तास-दीड तासात होते आणि त्याच दिवशी घरी परतता येते. हे सारे खरे आहे. मात्र ही शस्त्रक्रिया डोळ्याच्या रक्षणकर्त्या पडद्यावर होते आणि एकदा कापून टाकलेली कातडी सहजासहजी परत मिळत नाही. म्हणून या बाबतीतला खरा विचार टेबलावर झोपण्यापूर्वी व्हावयास हवा.

पापणीवरील उपचार आपल्याकडे नवे नाहीत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचू लागल्यास करावयाच्या शस्त्रकर्माचे वर्णन आहे. आज जिला ‘ब्लेफरोप्लास्टी’ म्हणतात, तिच्यात वरच्या पापणीवरील जास्तीची कातडी आणि गरज भासल्यास थोडी चरबी काढली जाते. खालच्या पापणीचा फुगवटा हा बहुधा पुढे सरकलेल्या चरबीचा असतो. ती पापणीच्या आतील बाजूने किंवा काठालगत छेद घेऊन काढतात अथवा नव्याने बसवतात. डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळे आणि हसताना कडेला उमटणाऱ्या सुरकुत्या याने जात नाहीत. त्या जातील या आशेने पैसे भरणाऱ्यांची निराशा ठरलेली असते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की पापणी जड का झाली? वरून सारखे दिसणारे दुखणे आतून वेगवेगळे असते. पुष्कळदा केवळ कातडी सैल पडलेली असते. कित्येकांत पापणी उचलणारा स्नायू, किंवा त्याला पापणीशी जोडणारा पातळ पडदा, वयाने ताणला गेलेला असतो. याला ‘टोसिस’ म्हणतात. वर्षानुवर्षे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही तो आढळतो. काहींची पापणी ठीक असते, पण भुवईच खाली घसरलेली असते. या तिन्हींचे उपाय भिन्न आहेत. टोसिसमध्ये स्नायू आखडून घ्यावा लागतो. तेथे नुसती कातडी कापली तर पैसे खर्च होतात, व्रण उरतो आणि पापणी होती तेथेच राहते. भुवई उतरलेली असताना पापणीची कातडी काढली, तर भुवई आणखी खाली ओढल्यासारखी दिसते.

याचा प्राथमिक अंदाज घरीही घेता येतो. आरशासमोर उभे राहून कपाळ सैल सोडावे आणि लोंबणारी कातडी बोटाने हलकेच वर धरावी. खालचा काठ बाहुलीपासून चांगला वर दिसला तर दोष बहुधा कातडीचा. काठच बाहुलीवर आलेला असला तर तो स्नायूचा. कपाळ सैल सोडणे मात्र वाटते तितके सोपे नसते. ज्यांच्या पापण्या उतरलेल्या असतात ती माणसे नकळत भुवया उंचावून, कपाळाला आठ्या घालून जगतात, आणि संध्याकाळी कपाळ दुखते म्हणून बाम लावतात. लग्नाच्या अल्बममधले जुने फोटो डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावेत. पापणी कधीपासून उतरू लागली, हे त्यांवरून चटकन कळते.

याखेरीज एक गट असा आहे की ज्यात शस्त्रक्रियेचा विचार मागे ठेवून आधी रोगाचा शोध घ्यावा लागतो. एकच पापणी अचानक उतरली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, डोके तीव्र दुखू लागले किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर ते मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराचे चिन्ह असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी, त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे. सकाळी पापण्या ठीक आणि संध्याकाळी उतरलेल्या, त्यासोबत चावताना किंवा गिळताना थकवा, अशी लक्षणे असल्यास ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ या आजाराची तपासणी व्हावी. त्यावर गोळ्यांचे उपचार आहेत. उलट, पापण्या सकाळीच सुजलेल्या असतील तर मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासून घ्यावे. रात्रीच्या जेवणातील पापड-लोणच्याचे प्रमाणही पाहावे. थायरॉइडमुळे डोळे पुढे आले असतील तर तो विकार काही महिने स्थिर राहिल्यावाचून पापणीला हात लावत नाहीत. पापणीच्या आतल्या कोपऱ्याशी पिवळसर चट्टे असतील तर ते काढण्यापूर्वी रक्तातील कोलेस्टेरॉल मोजावे.

लहान मुलाची पापणी जन्मापासून उतरलेली असेल, तर तो प्रश्न रूपाचा नाही. बाहुली झाकली गेल्याने त्या डोळ्याची दृष्टी मुळात घडतच नाही. ‘मोठे झाल्यावर लग्नाआधी पाहू’ असे म्हणून थांबू नये. शस्त्रक्रिया लगेच करावी की नंतर, हे ठरवण्यासाठीसुद्धा नेत्रतज्ज्ञांची तपासणी लगेच हवी.

शस्त्रक्रिया कोणी करावी? पापण्यांचे विशेष शिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ, ज्यांना ‘ऑक्युलोप्लास्टिक सर्जन’ म्हणतात, किंवा पापण्यांचे काम नित्य करणारे प्लास्टिक सर्जन. पार्लरला जोडून चालणाऱ्या केंद्रात, सणासुदीच्या सवलतीत हे काम उरकणे धोक्याचे आहे. चांगला डॉक्टर कात्री घेण्याआधी पट्टी घेतो. बाहुलीच्या मध्यापासून पापणीच्या काठापर्यंतचे अंतर तो मोजतो. निरोगी डोळ्यात ते साधारण ४ ते ५ मिलिमीटर असते. पापणी खालून वर किती उचलली जाते, डोळा पूर्ण मिटतो का, हेही तो पाहतो. एकाच बाजूची पापणी उतरलेली असेल तर तो दुसरीही तपासतो. कारण दोन्ही पापण्यांना मेंदूकडून समान आज्ञा मिळते आणि एक उचलली की दुसरी उतरण्याचा संभव असतो. भुवई व पापणीचा काठ यांच्यामध्ये सुमारे २० मिलिमीटर कातडी उरली पाहिजे, असा शल्यविशारदांचा ढोबळ दंडक आहे. ‘आणखी थोडी ताणून घ्या’ असा आग्रह रुग्णानेच धरला, तर अनुभवी डॉक्टर तो मानत नाही. कातडी कमी पडली की झोपेत डोळा उघडा राहतो, सकाळी आग होते आणि बुबुळाला जखम होऊ शकते.

म्हणूनच कोरड्या डोळ्यांचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. वातानुकूलित पेढीत दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांचे, तसेच चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेसर करून घेतलेल्यांचे डोळे पुष्कळदा कोरडे असतात. अश्रू मोजण्याची चाचणी सोपी आहे: कागदाची पट्टी खालच्या पापणीत ५ मिनिटे ठेवून ती किती भिजली ते पाहतात. लेसर झाले असल्यास ते आवर्जून सांगावे.

औषधांच्या बाबतीत लपवाछपवी मुळीच नको. हृदयासाठीची ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या, सांधेदुखीच्या गोळ्या, ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल, वैद्यांची चूर्णे, सारे काही लिहून न्यावे. यांतील अनेकांमुळे रक्तस्राव वाढतो. परंतु स्टेंट बसवलेल्या माणसाने कोणाच्या ऐकीव सल्ल्यावरून गोळी स्वतःहून बंद करणे, हे पापणीच्या दुखण्यापेक्षा कितीतरी घातक आहे. गोळी थांबवावी की नाही, किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवावे. रक्तदाब व साखर आटोक्यात असावी. तंबाखू सोडावी, जखम भरण्यात तिचा अडथळा येतो.

खर्चाविषयी व्यापारी घरांना अधिक सांगावयास नको, तरी दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात बसत नाही, आणि इतर वैद्यकीय उपचारांना जी जीएसटीची सूट आहे तीही तिला नाही. पापणीमुळे वरची दृष्टी झाकली जात असेल तर बाब वेगळी होऊ शकते. त्यासाठी दृष्टिक्षेत्राची चाचणी करतात, एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा ती चिकटपट्टीने उचलून. हा अहवाल, फोटो आणि डॉक्टरांचे पत्र जोडून विमा कंपनीची पूर्वमंजुरी आधीच, लेखी मागावी. कारण बदलून लिहून घेण्याच्या फंदात पडू नये.

व्रतनियम पाळणाऱ्यांनी काही गोष्टी तपासणीच्या दिवशीच बोलून घ्याव्यात, टेबलावर नव्हे. टाक्यांसाठी वापरला जाणारा ‘कॅटगट’ हा धागा मेंढी किंवा गुरांच्या आतड्यांपासून बनतो आणि रेशमी धागा किड्यांपासून. नायलॉन किंवा पॉलिप्रोपिलीन यांचे धागे उपलब्ध आहेत. ते ५ ते ७ दिवसांनी काढावे लागतात, एवढाच फरक. कॅप्सूलचे आवरण अनेकदा प्राणिज जिलेटिनचे असते. गोळीचा पर्याय मागता येतो. चौविहार पाळणाऱ्यांनी तसे सांगितले तर औषधाच्या वेळा सूर्यास्ताआधी बसवणे बहुधा शक्य होते. गुंगीचे औषध द्यावयाचे असेल तर काही तास उपाशी राहावे लागते. आदल्या संध्याकाळपासून पाणीही न घेतलेल्या मधुमेही रुग्णाने सकाळची पहिली वेळ मागावी. डोळ्यात घातलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात व घशात उतरतो, त्याची कडू चव जाणवते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबला की हे बरेच टळते. मात्र टाके ताजे असताना दाब कसा द्यावा, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. थेंबाने नियम मोडतो का, याचा निर्णय महाराजसाहेबांनाच विचारावा. निर्जल उपवास किंवा दीर्घ तपश्चर्येच्या काळात ही शस्त्रक्रिया ठेवू नये.

घरात लग्न असेल तर निदान दीड-दोन महिने आधी हे काम आटोपावे. काळे-निळे डाग दोन आठवड्यांत बहुतेक ओसरतात, पण बारीक सूज आणि व्रणाची लाली आणखी काही आठवडे रेंगाळते. पहिले दोन दिवस थंड शेक द्यावा, उशी उंच ठेवून झोपावे. कापडाची गाठोडी उचलणे, वाकून काम करणे, काजळ आणि लेन्स दोन आठवडे तरी वर्ज्य. पुष्कळजण चौथ्या दिवशी काळा चष्मा घालून दुकानात येऊन बसतात; बसण्याला हरकत नाही, माल उतरवण्याला आहे.

पहिली रात्र मात्र जागरूकतेची. थोडा ठणका आणि सूज अपेक्षितच असते. परंतु एका डोळ्यात वाढत जाणारी तीव्र वेदना, डोळा दगडासारखा ताठ होऊन पुढे येणे किंवा दिसणे अंधुक होणे, हे डोळ्यामागे रक्त साचल्याचे लक्षण आहे. हे अत्यंत विरळ घडते, पण घडल्यास दृष्टी जाऊ शकते. त्या वेळी सकाळची वाट पाहू नये, वेदनाशामक गोळी देऊन झोपवू नये. डॉक्टरांचा रात्रीचा फोन क्रमांक शस्त्रक्रियेआधीच घेऊन ठेवावा, रुग्णाजवळ घरातील एका जाणत्या माणसाने झोपावे, आणि दर काही तासांनी दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळे पाहून घड्याळातील वेळ वाचता येते का, हे विचारावे.