संदेष्ट्याचे खरेदीखत

इब्री संदेष्ट्यांनी हद्दपारीविषयी आणि आशेविषयी जे काव्य रचले त्याचा अर्थ लावणारे दोन पक्ष आज प्रबळ आहेत, आणि दोघांच्याही हातून त्या काव्यावर अन्याय होतो असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला पक्ष श्रद्धाळूंचा. तो या कवनांना भाकितांची बखर समजतो आणि कोणते भाकीत कोणत्या साली खरे ठरले याचा ताळेबंद मांडीत बसतो. दुसरा पक्ष चिकित्सकांचा. शासनाची कठोर वाणी तेवढी अस्सल आणि आशेची वाणी मागाहून कोणा हळव्या लेखकाने घुसडलेली, असा निवाडा देऊन तो मोकळा होतो.

पहिल्या पक्षाचे खंडन फार लांबविण्याचे कारण नाही. इ.स.पू. ५९७ मध्ये जे यहूदी बाबेलास नेले गेले त्यांना यिर्मयाने धाडलेल्या पत्रात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे, आणि ही सत्तर वर्षे कोठून कोठवर मोजावीत याच्या वादात आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. परंतु ज्या तिशीतल्या गृहस्थाने हे पत्र बाबेलात वाचले असेल त्याला त्या आकड्याचा अर्थ मोजणीवाचून कळला असला पाहिजे: परतीच्या वाटेवर आपले पाऊल पडणार नाही, आपली हाडे याच परक्या मातीत राहणार. म्हणून तर त्या पत्रात घरादाराची, मळ्यांची, लेकरांच्या सोयरिकीची तजवीज तेथेच करण्याचा आणि जेत्यांच्या शहराचेही कल्याण चिंतण्याचा उपदेश आहे. यशयाच्या ग्रंथातील वाळवंटातल्या राजमार्गाचे तेजस्वी चित्र तर भाकीत म्हणून वाचल्यास सपशेल फसलेले ठरेल. कोरेशाने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतले खरे, पण परतणाऱ्यांसाठी डोंगर काही सपाट झाले नाहीत, आणि इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा बोलू लागला तेव्हा मंदिर पडकेच होते व पीकही हाती लागत नव्हते. तरीही त्या लोकांनी ते काव्य प्राणापलीकडे जपले. चुकलेले पंचांग कोणी असे जपत नाही.

दुसऱ्या पक्षाशी मात्र सावकाश बोलले पाहिजे, कारण त्याच्या पदरी खरी विद्वत्ता आहे. यशयाच्या ग्रंथातील ४० व्या अध्यायापासूनचे काव्य इ.स.पू. आठव्या शतकातील यशयाचे नव्हे, बाबेलच्या बंदिवासकाळातील कोणा अनामिक कवीचे आहे, हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मन पंडितांनी मांडले. बर्नहार्ड डूमने १८९२ च्या आपल्या भाष्यात ५६ व्या अध्यायापासूनचा भाग आणखी निराळा काढला. हे सारे मला मान्य आहे. आमोसाच्या ग्रंथाचा आशादायी शेवट उत्तरकालीन असावा, याविषयीही माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती ‘मागाहूनचे’ या शब्दाला ‘खोटे’ हा अर्थ चिकटविण्याच्या घाईविषयी. यरुशलेमच्या राखेवर बसून रचलेल्या विलापगीतांच्या पहिल्या अध्यायात, या नगरीला सांत्वन करणारा कोणी उरला नाही, ही तक्रार पुन्हा पुन्हा उमटते. आणि यशयाच्या ४० व्या अध्यायाचा आरंभच सांत्वनाच्या आज्ञेने होतो, तीही एकदा नव्हे, दोनदा. पुढे ४९ व्या अध्यायात सियोन नगरी देवाने आपल्याला विसरून टाकल्याचा आरोप करते, तेव्हा विलापगीतांच्या शेवटी विचारलेला प्रश्नच ती नव्याने विचारीत असते. अनामिक कवीला ते रडणे तोंडपाठ होते. शिक्षा भोगून झाली आहे असे तो सांगतो, शिक्षा झालीच नव्हती असे सांगत नाही. ज्याने आधीच्या शासनवाणीचा शब्दन् शब्द खरा मानला, त्याच्या आशेला घुसडलेली कसे म्हणावे?

शिवाय हळव्या आशेची ओळख चिकित्सकांच्या आधी खुद्द यिर्मयाला पटलेली होती. सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात भरसभेत जाहीर केले की दोन वर्षांत बाबेलचे जोखड मोडेल, लुटून नेलेली मंदिराची पात्रे परत येतील, हद्दपार झालेले सारे परततील. आणि बोलल्यासारखे करून दाखविण्यासाठी त्याने, बाबेलपुढे मान तुकवा हे सांगण्यासाठी यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जोखड हिसकावून मोडून टाकले. यिर्मयाने आधी ‘आमेन’ म्हटले. त्यालाही तेच हवे होते, आणि म्हणूनच पुढे त्याने दिलेला नकार इतका जड वाटतो. लोकांना प्रिय झालेली आशा मोडून काढण्याचे अप्रिय काम पत्करणाऱ्या या माणसाने पुढे जी आशा बोलून दाखविली ती कोणत्या मोलाची होती, हे पाहायचे असेल तर ३२ वा अध्याय वाचावा. सिद्कीयाच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष आहे. बाबेलच्या खास्दी सैन्याचे दमदमे यरुशलेमच्या तटाला भिडले आहेत. स्वतः यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन भाऊबंदकीच्या हक्काने अनाथोथ येथील शेत घेण्याची गळ घालतो. ज्या मुलखात शत्रूचा अंमल बसत चालला आहे तेथील जमिनीला कवडीची किंमत नव्हती. यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद व एक उघडी असे दोन्ही दस्तऐवज आपला लेखनिक बारूख याच्या स्वाधीन करतो आणि ते पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून मातीच्या भांड्यात घालून ठेवण्यास बजावतो. नगर पडणार हे तो याच तोंडाने सांगत होता, आणि त्यासाठीच कैदेत होता. पराभवाचे भाकीत आणि जमिनीचा सौदा एकाच माणसाने, एकाच वेढ्यात, एकाच विश्वासाने केला. येथे ‘अस्सल’ यिर्मया कोणता आणि ‘मागाहूनचा’ कोणता, हे ठरविण्यास कोणती कात्री चालणार?

ज्या समाजाने हे काव्य सर्वांत अधिक काळ वाचले, त्याचा परिपाठही माझ्याच बाजूने साक्ष देतो. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन आब महिन्याच्या नवव्या तिथीस येतो. आपल्या कोकणातील बेने इस्राएल तो बिरड्याचा सण म्हणून ओळखतात. त्या दिवशी सभास्थानांत विलापगीते वाचली जातात, आणि लगेच पुढच्या शब्बाथास यशयाचा ४० वा अध्याय सुरू होतो. तेथून सात शब्बाथ यशयाचीच सांत्वनपर वाणी ऐकविली जाते. मात्र त्याआधीचे तीन शब्बाथ यिर्मयाच्या व यशयाच्या आरंभीच्या अध्यायांतील कठोर ठपक्याचे असतात, आणि ते तीन गाळून थेट सातांकडे जाण्याची मुभा त्या परिपाठात कोणालाही नाही.