दोन तारा, एकच खड्डा

आमच्या धंद्यात 'हाय अव्हेलेबिलिटी' हा शब्द लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखा झालाय. प्रत्येक प्रेझेंटेशनच्या सुरुवातीला तो असतोच. खाली दोन चौकोन: एक मूळ डेटाबेस, दुसरी त्याची प्रत. मध्ये दोन समांतर रेघा. एक तुटली तर दुसरी आहे. मॅनेजर खूश, क्लायंट खूश. माझं म्हणणं असं की त्यातली दुसरी रेघ पुष्कळदा खोटी असते, आणि ती खरी आहे का हे विचारायची कुणाची तयारी नसते.

व्हर्च्युअल मशीनला दुसरं नेटवर्क कार्ड देणं म्हणजे चार क्लिकचं काम. पण हे कार्ड वस्तू नाही, सॉफ्टवेअरमधली नोंद आहे. दोन्ही कार्डं एकाच व्हर्च्युअल स्विचला जोडलेली, तो स्विच सर्व्हरच्या एकाच खऱ्या कार्डावर, आणि त्या कार्डाची केबल रॅकमधल्या एकाच स्विचमध्ये. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कधी कधी तर मूळ आणि प्रत ही दोन्ही मशीन्स एकाच सर्व्हरवर शेजारी शेजारी बसलेली असतात, कारण 'यांना वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवा' हा नियम कुणी लिहिलेलाच नसतो. त्यावर व्हीएक्सलॅनसारखं ओव्हरले नेटवर्क चढवलं की खालचा खरा रस्ता दिसेनासाच होतो. तो दिसू नये ही या तंत्राची सोय आहे. प्रतिकृतीच्या बाबतीत तीच सोय घात करते.

खऱ्या तारांचीही हीच गत होऊ शकते. 30 जानेवारी 2008 ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल्स तुटल्या आणि भारतापर्यंत इंटरनेट रखडलं. कागदावर केबल्स दोन होत्या. समुद्राचा तळ एकच होता.

आता कुणी म्हणेल, तुटलं तर तुटलं, पाच मिनिटांत पुन्हा जोडू. वेबसाइटच्या बाबतीत हे चालेल. डेटाच्या बाबतीत चालत नाही, आणि त्याचा धडा गिटहबने सगळ्या जगाला दिलाय.

21 ऑक्टोबर 2018. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बिघडत चाललेलं 100 गिगाबिटचं ऑप्टिकल उपकरण बदलण्याचं नेहमीचं काम चालू होतं. त्यात गिटहबचं पूर्वेचं नेटवर्क केंद्र आणि तिथलंच मुख्य डेटा सेंटर यांचा संपर्क तुटला. किती वेळ? 43 सेकंद. तेवढ्यात उरलेल्या यंत्रणेने नियमाप्रमाणे मतदान केलं आणि मायएसक्यूएल डेटाबेसचं नेतृत्व पश्चिम किनाऱ्याकडे दिलं. पण पूर्वेला काही नोंदी अशा झाल्या होत्या की त्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या. संपर्क परत आला तेव्हा दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेल्या नोंदी होत्या. एका गजबजलेल्या क्लस्टरमध्ये अशा अडकलेल्या नोंदी 954. गाडी रुळावर यायला 24 तास 11 मिनिटं लागली. साइट लवकर पूर्ववत करण्यापेक्षा लोकांचा डेटा वाचवणं त्यांनी पसंत केलं, आणि हे सगळं स्वतःच लिहून जाहीर केलं. याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

इथे मतदान चुकलं नव्हतं. चूक विचारात होती: नेटवर्कची रचना एका कागदावर, प्रतिकृतीची दुसऱ्या. असिंक्रोनस प्रतिकृतीत 'नोंद झाली' असं वापरकर्त्याला आधी सांगितलं जातं, प्रत नंतर पोहोचते. मधल्या वेळात तार तुटली की ते वचन हवेत लटकतं. सिंक्रोनस केलं तर प्रत्येक नोंद दूरच्या उत्तराची वाट बघत थांबते. यातलं काय सोसायचं हे कुणीतरी आधी ठरवावं लागतं. दोन रेघा काढल्याने ते ठरत नाही.

त्याहून वाईट म्हणजे स्प्लिट-ब्रेन. 'मी जिवंत आहे' हा हार्टबीटचा निरोप आणि डेटा एकाच रस्त्याने जात असतील, तर रस्ता बंद पडल्यावर प्रतीला वाटतं मूळ मेलं, आणि ती स्वतः गादीवर बसते. मूळ तर जिवंतच असतं. एका म्यानात दोन तलवारी, आणि दोघी नोंदी घेत सुटतात. म्हणून तिसऱ्या ठिकाणी तिसरं मत लागतं, हार्टबीटला वेगळा रस्ता लागतो, आणि जुन्या मूळला खात्रीने बंद पाडायची सोय लागते.

'क्लाउडवाले बघतील' हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. क्लाउड तुम्हाला वेगवेगळे झोन देतो, पण दोन्ही मशीन्स एकाच झोनमध्ये टाकायचं स्वातंत्र्यही देतो. 'परवडत नाही' हे मात्र प्रामाणिक उत्तर आहे. मग प्रेझेंटेशनमध्ये एकच रेघ काढा आणि क्लायंटला सांगा की ही तुटली तर सेवा बंद. खोट्या दुसऱ्या रेघेपेक्षा खरी एक रेघ बरी, कारण मग निदान बॅकअप तरी कुणी मनावर घेतं.

हरवलेली नोंद म्हणजे कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट, कुणाची भरलेली फी, कुणाचा परीक्षेचा अर्ज. ती माणसं ग्राहक सेवेला सांगतात, 'मी भरलं होतं हो!', आणि स्क्रीनवर काहीच नसतं. खोटं त्यांना पाडलं जातं, आपल्याला नाही. रात्री तीनला फोन येतो तोही रेघा काढणाऱ्याला नाही, टीममधल्या सगळ्यात नव्या पोराला.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. दुसरी रेघ दाखवणाऱ्याने भर दुपारी, सगळी टीम जागेवर असताना, पहिली केबल स्वतःच्या हाताने उपसून दाखवावी. हात कचरला, तर ती रेघ पुसून टाकावी.