काढून टाकलं की संपलं?

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘काही ठेवू नका डॉक्टर, सगळं काढून टाका.’ बोलणारा बहुतेक वेळा नवरा, मुलगा किंवा दीर असतो. त्या बोलण्यात प्रेम असतं, भीती असते आणि एक पक्की समजूत असते, की जितकं जास्त कापलं जाईल तितका आजार मुळापासून जाईल. मला या समजुतीशी भांडायचं आहे. ती चुकीची आहे हे कळून निदान चाळीस वर्षं झाली. तरी तिची किंमत बायका आजही मोजतायत, आणि ती त्यांच्या हातातून वसूल होते. अगदी शब्दशः हातातून.

आपल्या काखेत साधारण वीस ते तीस लसिकाग्रंथी असतात. डॉक्टर त्यांना लिम्फ नोड म्हणतात. हातातून आणि स्तनातून परतणारा द्रव त्यांच्यातून गाळून पुढे जातो. स्तनातल्या कॅन्सरच्या पेशी बाहेर पडल्या, तर बहुतेकदा आधी इथे सापडतात. म्हणून स्तनाचं ऑपरेशन करताना सर्जन काखेकडेही वळतो. भांडण एवढ्यावरच आहे, की तिथून किती काढायचं आणि कशासाठी.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेड या सर्जनने याचं उत्तर दिलं: सगळं. १८९४ साली त्याने आपल्या ऑपरेशनांचे निकाल छापले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकत्र काढायच्या. त्यामागचा तर्क सोपा होता. कॅन्सर पायरी-पायरीने पसरतो, आधी स्तन, मग काख, मग बाकीचं शरीर. वेळेत सगळ्या पायऱ्या तोडल्या की तो अडकतो. त्या काळात केमोथेरपी नव्हती, हॉर्मोनची औषधं नव्हती, गाठी मोठ्या होऊन यायच्या. हॉल्स्टेडला दोष द्यायचं कारण नाही. दोष आहे तो त्याच्या तर्काची परीक्षा न घेता पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं तेच ऑपरेशन करत राहण्यात.

परीक्षा घेतली अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर या सर्जनने. १९७१ साली सुरू झालेल्या बी-०४ या चाचणीत, ज्यांच्या काखेत हाताला काही लागत नव्हतं अशा बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले गेले. एका गटाचं हॉल्स्टेडसारखं मोठं ऑपरेशन, दुसऱ्याचा फक्त स्तन काढून रेडिएशन, तिसऱ्याचा फक्त स्तन काढून काखेवर नजर, गाठ आलीच तर नंतर काढायची. मोठं ऑपरेशन झालेल्या गटातल्या सुमारे चाळीस टक्के बायकांच्या काखेत कॅन्सर निघाला. म्हणजे तिसऱ्या गटातही साधारण तेवढ्याच जणींच्या काखेत तो मागे राहिला असणार. पण पुढे काखेत गाठ आली ती पाचातल्या एकीपेक्षाही कमी जणींना. पंचवीस वर्षांनी, २००२ साली निकाल छापले गेले तेव्हाही तिन्ही गटांच्या जगण्यात फरक नव्हता.

हे नीट वाचा. मागे ठेवल्यामुळे जास्त बायका मेल्या नाहीत. सगळं काढल्यामुळे जास्त बायका वाचल्या नाहीत. काखेतली ग्रंथी हा कॅन्सरला अडवणारा दरवाजा कमी आणि तो कुठवर पोचलाय हे सांगणारी खूण जास्त, असा याचा अर्थ होता.

निकाल आले म्हणून सवय लगेच बदलत नाही. तेव्हा अमेरिकेत पद्धत अशी होती, की बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत स्तन काढायचा. जागी झाल्यावर तिला कळायचं. रोझ कुशनर या पत्रकार बाईला १९७४ साली कॅन्सर झाला. आधी तपासणी, मग मला विचारून ऑपरेशन, असा आग्रह तिने धरला, आणि नंतर तो सगळ्यांसाठी लावून धरला. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या समितीत ती होती, आणि त्या समितीने हॉल्स्टेडचं ऑपरेशन नेहमीचा उपचार म्हणून बाजूला ठेवलं. आकडे डॉक्टरांनी आणले, पण ते अंमलात यायला एका पेशंटची कटकटही लागली.

पुढची गोष्ट वेगाने घडली. नव्वदच्या दशकात अरमांडो जुलियानो आणि डेव्हिड क्रॅग यांनी स्तनाच्या कॅन्सरमध्ये ‘सेंटिनेल नोड’ म्हणजे पहारेकरी ग्रंथी शोधायच्या पद्धती आणल्या. एकाने निळा रंग वापरला, दुसऱ्याने किरणोत्सारी द्रव्य. स्तनाकडून येणारा द्रव ज्या एक-दोन-तीन ग्रंथींत सर्वांत आधी पोचतो, तेवढ्याच काढून तपासायच्या. त्या स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. बी-३२ या चाचणीत पाच हजारांहून जास्त बायकांवर हे तपासलं गेलं आणि २०१० साली निकाल आला: पहारेकरी स्वच्छ असेल तर पुढे काढून आयुष्य वाढत नाही.

मग प्रश्न पुढे सरकला. पहारेकरी ग्रंथीत कॅन्सर निघालाच तर? झेड-००११ या चाचणीत स्तन वाचवून रेडिएशन घेणाऱ्या, एक-दोन ग्रंथींत कॅन्सर असलेल्या ८९१ बायका होत्या. दहा वर्षांनी, ज्यांची काख पूर्ण साफ केली त्यांच्यातल्या ८३.६ टक्के जिवंत होत्या. ज्यांची केली नाही त्यांच्यातल्या ८६.३ टक्के. आता तर पहारेकरीही काढायची गरज आहे का, इथवर गोष्ट आली आहे. मिलानच्या संस्थेने चालवलेल्या साउंड चाचणीचे निकाल २०२३ साली आले. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ, काखेची सोनोग्राफी स्वच्छ. अशा बायकांमध्ये काखेला हातच लावला नाही तरी पाच वर्षांत कॅन्सर दूर न पसरण्याचं प्रमाण ९८ टक्के, पहारेकरी काढल्यावर ९७.७. पाठोपाठ जर्मनी-ऑस्ट्रियातल्या इन्सेमा चाचणीनेही तेच सांगितलं, आणि हाताची सूज ५.७ टक्क्यांवरून १.८ वर आल्याचंही.

आता त्या सुजेबद्दल. तिला लिम्फेडीमा म्हणतात. द्रवाचा रस्ताच काढून टाकला की तो हातात साचतो. काख पूर्ण साफ केलेल्या साधारण पाचातल्या एकीला ही सूज येते, फक्त पहारेकरी काढलेल्या वीसातल्या एकीला. ती ऑपरेशननंतर लगेच येईल असं नाही, एक-दोन वर्षांनीही येते. आली की ताब्यात ठेवता येते, पण सहसा पूर्ण जात नाही. त्याशिवाय खांदा आखडणं आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा असतोच.

माझ्या आत्याचं ऑपरेशन २०१९ साली झालं. गाठ लहान होती, सोनोग्राफीत काख स्वच्छ होती. पहारेकरी ग्रंथीबद्दल कोणी काही बोललं नाही. अठरा ग्रंथी काढल्या. रिपोर्ट आला तेव्हा घरात पेढे वाटले: अठरापैकी शून्य. अठराच्या अठरा स्वच्छ. दीड वर्षाने तिचा उजवा हात सुजायला लागला. आता ती बांगड्या घालत नाही, ब्लाउजची एक बाही सैल शिवून घेते, आणि भाकरी थापताना दोनदा थांबते. आत्या बरी आहे आणि त्याबद्दल मी डॉक्टरांचा आभारी आहे. पण अठरा स्वच्छ ग्रंथी काढल्याचा आनंद आम्हाला का व्हावा? त्या कोणी परत बसवणार होतं का?

हे का होतं, हे मला माझ्या कामातून ओळखीचं वाटतं. मी सॉफ्टवेअर लिहितो. जुन्या सिस्टीममध्ये कोणीतरी कधीतरी घातलेली एखादी तपासणी असते. तिचा उपयोग कोणालाच सांगता येत नाही, पण ती काढायला कोणी धजत नाही. ती काढल्यावर काही बिघडलं तर नाव माझं येणार, आणि ती ठेवल्यामुळे रोज जे थोडं थोडं वाया जातं त्याचं बिल कोणाच्याच नावावर फाटत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये हेच गणित उलट्या दिशेने चालतं. ग्रंथी ठेवली आणि कॅन्सर परत आला, तर ‘डॉक्टरांनी ठेवलं कशाला?’ हात सुजला तर ‘चालायचंच, जीव तर वाचला.’ एका चुकीला मालक आहे, दुसरी बेवारस आहे. सर्जन हलकट नसतात, पण अशा हिशेबात भला माणूसही जास्तच कापतो.

आणि दुसरी चूक बेवारस राहते याचं कारण आपण आहोत. बाईच्या हाताचं काम आपण मोजतच नाही. बादली उचलणं, धुणं पिळणं, खुरपणं, नातवाला कडेवर घेणं, हे पगाराच्या स्लिपवर येत नाही म्हणून ते गेल्याचं नुकसानही कुठे नोंदलं जात नाही. ‘आता कामाला हात लावू नकोस’ असं डिस्चार्जच्या दिवशी सगळे म्हणतात. तीन महिन्यांनी घरात कोण काय करतंय ते जाऊन बघा.

यावर एक उत्तर नेहमी येतं, आणि ते हलकं नाही. हे सगळे अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या लहान गाठींचे. आपल्याकडे बायका गाठ मोठी झाल्यावर, काखेत हाताला लागत असतानाच येतात. रेडिएशनचं मशीन दुसऱ्या जिल्ह्यात असतं. पुन्हा तपासायला येतीलच याची खात्री नसते. बरोबर आहे. काखेत कॅन्सर भरपूर असेल तर काख साफ करणं आजही योग्य असू शकतं. ग्रंथीत काय निघालं यावर पुढची औषधं ठरतात, तेही खरं. कोणी एखादं रील बघून ‘काखेला हात लावू नका’ म्हणत सर्जनशी वाद घालायला जाऊ नये. प्रत्येक चाचणीचं उत्तर त्या चाचणीत बसणाऱ्या बाईपुरतंच असतं.

पण ‘आपल्याकडे उशिरा येतात’ हे वाक्य, जी लवकर आली तिच्यावर का लादायचं? आणि किरणोत्सारी द्रव्य महाग आहे ही सबबही पुरत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी काखेच्या खालच्या भागातली, एका ठरावीक मज्जातंतूच्या खालची चरबी ग्रंथींसह काढून तपासण्याची पद्धत अभ्यासली आहे. तिला ना गामा प्रोब लागतो, ना अणुवैद्यकाचा विभाग. गरिबीत कमी कापायचा मार्ग इथेच, परळमध्ये शोधला गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही गत आहे.

उशिरा येण्यावरचं उत्तरही मुंबईतच आहे. वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं चाललेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले. २०२१ साली निकाल छापले गेले: आजार आधीच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. मॅमोग्राफीशिवाय. म्हणजे लहान ऑपरेशनची सुरुवात चाळीतल्या आणि पाड्यावरच्या तपासणीपासून होते. ती करायची नाही आणि मग ‘आमच्या बायका उशिरा येतात’ म्हणून काख साफ करायची, हा शहाणपणा नव्हे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. ऑपरेशनआधी प्रत्येक बाईला, तिच्या भाषेत आणि तिच्यासमोर, चार गोष्टी सांगितल्या जाव्यात: काखेची सोनोग्राफी काय म्हणते, पहारेकरी ग्रंथी तपासणं शक्य आहे का, नसेल तर का नाही, आणि काख साफ केली तर हाताचं काय होऊ शकतं. दोन्ही हातांचा घेर आधी टेपने मोजून केसपेपरवर लिहावा, म्हणजे सूज पुढे ‘भास’ ठरणार नाही. हाताच्या व्यायामाचा कागद डिस्चार्ज कार्डाइतकाच सक्तीचा असावा. आणि कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलने वर्षाला किती काखा साफ केल्या आणि त्यांतल्या किती स्वच्छ निघाल्या, हा आकडा भिंतीवर लावावा.

आणि घरातल्यांनो, विशेषतः माझ्या वयाच्या मुलांनो, रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकणारे आणि डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणारे आपणच असतो. तेव्हा ‘सगळं काढून टाका’ हे वाक्य गिळा. त्याऐवजी विचारा, ‘कमीत कमी किती काढून भागेल?’ डॉक्टर म्हणाले की सगळंच काढावं लागेल, तर कारण विचारा. कारण पटलं तर सही करा, पण आधी तिला करू द्या. हात तिचा आहे.